साक्ष आणि संशय

मनुष्याजवळ जें ज्ञान असतें त्याचा फारच थोडा भाग त्यानें स्वतः पडताळून पाहिलेला असतो. आपली जन्मतिथि आपण आईबापांच्या तोंडून ऐकतों, पृथ्वीचा परीघ पुस्तकांत वाचतों, आणि अंगांत ताप किती आहे हें कांचेच्या नळीला, किंवा हल्लीं आंकडे दाखविणाऱ्या डबीला, विचारतों. या साक्षी बहुधा खऱ्या निघतात, आणि म्हणूनच आपला संसार चालतो. परंतु ज्या साक्षीदारावर आपण जन्मभर विसंबलों तोच एके क्षणीं खोटें बोलूं लागला, आणि तो खोटें बोलतो आहे कीं आपल्यालाच भ्रम झाला आहे हें ठरविण्यास पुरेसा अवकाशहि उरला नाहीं, तर अशा वेळीं मनुष्याचें कर्तव्य काय? प्रश्न तर्कशास्त्राचा आहे असें प्रथमदर्शनीं वाटतें. आमच्या मतें तो तितकाच नीतिशास्त्राचाहि आहे. नुकत्याच उडालेल्या विमानांतील वैमानिकापुढें तो ज्या उघड्यानागड्या स्वरूपांत येतो तसा अन्यत्र क्वचितच येत असेल. म्हणून वाचकांस आम्ही थोडा वेळ तिकडे नेणार आहों.

विमानविद्या हा आमचा विषय नव्हे. परंतु विमानांच्या अपघातांचे जे अधिकृत चौकशी-अहवाल प्रसिद्ध होतात ते वाचण्याचा नाद आम्हांस कांहीं वर्षांपासून लागला आहे, आणि तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांनीं ते अवश्य वाचावे अशी आमची शिफारस आहे. अखेरच्या कांहीं मिनिटांत माणसें काय बोललीं, त्यांच्यासमोर कोणते आंकडे होते, आणि त्यांचा हात कोणीकडे गेला, हें सर्व त्यांत सेकंदांच्या हिशेबानें मांडलेलें असतें. संशयांत सांपडलेलें मन कसें वागतें याचा इतका स्वच्छ पुरावा मानसशास्त्राच्या जाड्या ग्रंथांतहि आम्हांस आढळला नाहीं.

विमानाला वेगाचें एवढें महत्त्व कां, तें आधीं सांगितलें पाहिजे. विमान हवेंत राहतें तें पंखांवरून वाहणाऱ्या वाऱ्याच्या बळावर. हा वारा फार मंद झाला आणि विमानाचें नाक मात्र वर उचललेलें राहिलें, म्हणजे पंखांवरचा प्रवाह फाटतो, आधार सुटतो, आणि हजारों मणांचें तें धूड खालीं कोसळूं लागतें. या अवस्थेला वैमानिक स्टॉल म्हणतात. उलट वेग मर्यादेबाहेर गेला तर विमानाच्या अंगावर न सोसणारा ताण पडतो. दोहों बाजूंस अशी दरी असतां मधल्या वाटेवर आपण आहों कीं नाहीं हें देहाला विचारून कळत नाहीं. आगगाडींतल्या माणसाला बाहेरचीं झाडें मागें पळतांना दिसतात. रात्रीच्या वेळीं समुद्रावरून जाणाऱ्या वैमानिकाला कांचेपलीकडे काळोखाशिवाय कांहींच दिसत नाहीं, आणि कानाच्या आंतली तोल सांभाळणारी योजना तर अशा वेळीं खुशाल फसविते. म्हणून वेगदर्शकावर विश्वास ठेवावा लागतो.

आणि हा वेगदर्शक म्हणजे काय, तर मूळची एक वांकडी नळी! हेन्री पिटो या फ्रेंच गृहस्थानें १७३२ मध्यें सेन नदीच्या प्रवाहाचा वेग मोजण्यासाठीं जी नळी वापरली तिचीच नात आजच्या प्रत्येक प्रवासी विमानाच्या नाकाशीं बसविलेली असते. समोरून येणारा वारा तिच्या तोंडांत शिरतो आणि दाब उत्पन्न करतो. विमानाच्या कुशीला दुसरीं बारीक छिद्रें असतात. त्यांतून भोवतालच्या निवांत हवेचा दाब मिळतो. पहिल्यांतून दुसरा वजा केला म्हणजे वेग निघतो. आणि दुसऱ्या दाबावरूनच उंचीहि निघते. मोठ्या विमानांत अशा नळ्या निदान तीन असतात: एक मुख्य वैमानिकाची, एक सहवैमानिकाची व एक राखीव. युक्ति साधी व सुंदर आहे. परंतु नळीचें तोंड बोटभर, आणि तें चिखलानें, बर्फानें, किंवा जमिनीवर घातलेलें व काढावयाचें राहिलेलें टोपण विसरल्यानें बुजूं शकतें.

६ फेब्रुवारी १९९६ च्या रात्रीं डॉमिनिकन प्रजासत्ताकांतील प्वेर्तो प्लाता येथून एक बोइंग ७५७ जर्मनीकडे जाण्यास निघालें. तें विमान पुष्कळ दिवस जमिनीवर उभें होतें, आणि बहुधा त्या अवधींत एखाद्या मातीचें घर करणाऱ्या गांधीलमाशीनें मुख्य वैमानिकाच्या नळींत आपला संसार थाटला असावा. धावपट्टीवर विमान धांवूं लागलें तेव्हांच मुख्य वैमानिकाच्या लक्षांत आलें कीं आपला वेगदर्शक चालत नाहीं. त्या क्षणीं वेग कमी होता. थांबणें शक्य होतें. तो थांबला नाहीं. सहवैमानिकाला त्याच्या वेगदर्शकावरून आंकडे सांगावयास सांगून त्यानें विमान उचललें.

यापुढें जें घडलें त्यांत आमच्या प्रश्नाचें सारें मर्म आहे. नळी बुजली म्हणजे तिच्या आंत जमिनीवरच्या हवेचा दाब कोंडून राहतो. विमान जसजसें वर जातें तसतसा बाहेरचा दाब उतरतो. कोंडलेला दाब मात्र तसाच राहतो. दोहोंतील अंतर वाढत जातें, आणि यंत्र मुकाट्यानें त्या अंतरालाच वेग म्हणून दाखवितें. जमिनीवर जो साक्षीदार मुका होता त्याला आकाशांत वाचा फुटली! मुख्य वैमानिकानें तें पाहिलें, तो आतां चालूं लागला असें म्हटलें, आणि त्याच्यावर पुन्हा भरंवसा टाकला. स्वयंचालक यंत्रणाहि त्याच दाबावरून वेग घेत होती. वेग वाढतो आहे असें समजून तिनें नाक वर उचललें व इंजिनांचा जोर उतरविला. नाक वर गेल्यानें विमान आणखी चढलें. चढल्यानें खोटा वेग आणखी वाढला. ज्या उपायानें रोग हटावयाचा त्याच उपायावर रोग पोसला जात होता. मुख्य वैमानिकासमोर सुमारें ३५० नॉट, सहवैमानिकासमोर २०० आणि तोहि उतरता! वेग अति झाल्याचा इशारा वाजूं लागला. तो बंद करण्यांत आला. मग हातांतला दांडा थरथरूं लागला. तो इशारा वेग अति कमी झाल्याचा. विमान सुमारें ७,००० फुटांवरून समुद्रांत पडलें. उड्डाणापासून शेवटापर्यंत पुरतीं पांच मिनिटें, आणि विमानांतील १८९ माणसांपैकीं एकहि वांचलें नाहीं.

आमच्या प्राचीन शास्त्रकारांनीं प्रामाण्यवाद म्हणून जो मोठा वाद घातला तो शुष्क शब्दपांडित्याचा नमुना म्हणून हल्लीं दाखविण्याची चाल आहे. ज्यांनीं तो शुष्क म्हटला त्यांनीं तो या पांच मिनिटांशेजारीं ठेवून पाहावा. मीमांसकांचें म्हणणें असें कीं, ज्ञान हें स्वतःच प्रमाण असतें. तें खोटें आहे असें मानण्यास मात्र बाहेरचें कारण लागतें. तें कारण दोन प्रकारचें: एक तर तें ज्ञान देणाऱ्या साधनांत दोष आहे असें कळणें, किंवा त्याच्या विरुद्ध दुसरें ज्ञान उभें राहणें. नैयायिक म्हणतात, असें नव्हे. खरेपणाहि बाहेरूनच ठरावयाचा. मृगजळ कीं पाणी, हें नुसतें पाहून कळत नाहीं. जावें, ओंजळ भरावी, तहान भागली तर पाणी खरें. यावर मीमांसकांचा खोंचक प्रश्न: तहान भागली हें ज्ञान तरी खरें कशावरून? त्याला पुन्हा तिसऱ्याची साक्ष, तिला चौथ्याची. या अनवस्थेला शेवट कोठें?

प्वेर्तो प्लाताच्या वैमानिकाजवळ मीमांसकांनीं सांगितलेलीं दोन्ही कारणें होतीं. साधन सदोष आहे हें धावपट्टीवरच कळलें होतें, आणि विरुद्ध ज्ञान शेजारच्या खुर्चीपुढें ढळढळीत दिसत होतें. दोष एकदां कळल्यावर, तो दूर कसा झाला हें कळल्यावांचून त्या साधनाला पुन्हा प्रमाण मानतां येत नाहीं. नुसतें बोलूं लागणें म्हणजे खरें बोलूं लागणें नव्हे. आमच्या दृष्टीनें या अपघातांतील बौद्धिक चूक हीच. पण ती केवळ बुद्धीची चूक होती काय? जो साक्षीदार मुका झाल्यानें आपण अडचणींत आलों होतों, ज्याच्यावांचून निघण्याचा आपला निर्णय चुकीचा ठरत होता, तो बोलूं लागलेला पाहून मनाला जें बरें वाटलें असेल त्याचा त्यांत कांहींच वांटा नसेल, हें आम्हांस पटत नाहीं. मनुष्याला जी साक्ष सोयीची असते तिचे जुने अपराध तो फार लवकर विसरतो.

नैयायिकांच्या ओंजळीची गोष्ट आणखी विलक्षण आहे. विमानांत ओंजळ भरून पाहण्याची सोय नाहीं. कारण कृतीचें फळ पुन्हा त्याच यंत्रावर वाचावयाचें. शिवाय मन हुशार असलें म्हणजे खोट्या साक्षीला खरें कारणहि शोधून देतें. १ डिसेंबर १९७४ रोजीं न्यूयॉर्कहून एक बोइंग ७२७ रिकामें निघालें होतें. आंत फक्त तिघे वैमानिक. नळ्यांना ऊब देणारी विजेची कळ दाबावयाची राहिली, त्यांत बर्फ धरला, आणि वेगदर्शक भराभर वाढता वेग दाखवूं लागला. तिघांनीं त्याची संगति लावली: विमान रिकामें आहे, हलकें आहे, म्हणून असें जोरानें चढतें. पुढें दांडा थरथरूं लागला तेव्हां, वेग फार झाल्यानें विमान हादरतें आहे, अशीहि संगति त्यांना सांपडली. ते नाक उचलीत राहिले आणि तिघेहि गेले. संगति लावणें हा सुशिक्षित मनाचा गुण मानला जातो, आणि आम्ही शिक्षक मंडळी तर तो गुण शिकविण्याचाच पगार घेतों. परंतु एखाद्या गोष्टीचें कारण सांगतां येणें आणि ती गोष्ट खरी असणें, यांत किती अंतर आहे तें आम्ही वर्गांत पुरेसें सांगतों असें वाटत नाहीं.

येथें वाचक म्हणतील, एक साक्षीदार संशयित झाला तर दुसऱ्याला विचारावें. व्यवहारांत आपण हेंच करतों, आणि बहुधा तें बरोबरहि असतें. पण दुसरा साक्षीदार खरोखर दुसरा आहे काय, हें कोण पाहतो? १९९६ मध्यें २ ऑक्टोबरला, मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळानें, पेरू देशाच्या लिमा शहराहून एक बोइंग ७५७ चिलीच्या सांतियागोला जाण्यास उडालें. विमान धुतांना कुशीच्या बारीक छिद्रांवर चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या, आणि त्या काढावयाच्या राहिल्या होत्या. पट्टीचा रंग रुपेरी, विमानाचें अंगहि तसेंच चकचकीत, आणि वेळ रात्रीची. उडतांक्षणींच वेग व उंची दोन्ही विश्वासास नालायक झालीं. वैमानिकांनीं सुज्ञपणें आपल्या यंत्रांवर संशय घेतला आणि जमिनीवरच्या नियंत्रकाला विचारलें, आमची उंची किती? नियंत्रकानें आपल्या पडद्यावर पाहून प्रामाणिकपणें आंकडा सांगितला. तो आंकडा विमानांतल्या यंत्रांशीं जुळला, आणि वैमानिकांस धीर आला.

परंतु नियंत्रकाच्या पडद्यावर विमानाची जी उंची उमटते ती रडारनें मोजलेली नसते. विमानांतलें एक यंत्र आपल्याच उंचीदर्शकावरचा आंकडा खालीं कळवितें, व तोच पडद्यावर उमटतो. म्हणजे वैमानिकांनीं ज्याला विचारलें तो दुसरा साक्षीदार नव्हताच; डोंगरांत हांक मारावी आणि आपलाच शब्द परत आलेला ऐकून कोणी ओ दिली असें समजावें, तसें तें झालें. विमान जमिनीपासून किती उंच आहे हें लहरींच्या प्रतिध्वनीवरून मोजणारें एक वेगळें यंत्र विमानांत होतें, आणि तें फार खालीं आलां, फार खालीं आलां, असा इशारा देत होतें. पण इतक्या परस्परविरुद्ध इशाऱ्यांच्या कल्लोळांत तो एकटा खरा आवाज कोण ऐकणार? पंखाचें टोक समुद्राच्या पाण्याला लागलें त्या वेळीं उंचीदर्शक ९,७०० फूट दाखवीत होता. ७० माणसें गेलीं.

उत्तरपत्रिका तपासणाऱ्या आमच्यासारख्यांस या गोष्टीचें फारसें नवल वाटूं नये. एकाच वर्गांतल्या तीस मुलांनीं एकाच लढाईचें एकच चुकीचें साल लिहिलें, तर तें साल खरें असण्याचा संभव तीस पटींनीं वाढत नाहीं. तिसांनींहि एकच मार्गदर्शिका वाचली एवढेंच सिद्ध होतें. परंतु हाच न्याय आपण घरीं लावतों काय? अमक्याच्या मुलाविषयीं पांच घरांतून एकच वाईट बातमी ऐकूं आली म्हणजे ती आपल्याला पांच पुराव्यांची वाटते. पांचहि घरीं ती एकाच ओट्यावरून गेलेली असते. पूर्वीं अशी बातमी सांगणाऱ्याचें तोंड तरी दिसत असे. हल्लीं तीच बातमी हातांतल्या फोनवर दहा नातलगांकडून दहा वेळां येते, आणि दहांनींहि ती ज्या एका ठिकाणाहून घेतली तें ठिकाण कोणालाच ठाऊक नसतें. साक्षीदारांची संख्या मोजण्यापूर्वीं त्यांचें कूळ पाहावें लागतें, हा नियम न्यायालयांत सर्वांना मान्य, आणि माजघरांत कोणालाच नाहीं!

बहुमताचा भरंवसाहि असाच फसवा. २७ नोव्हेंबर २००८ रोजीं फ्रान्सच्या पेर्पिन्यां शहराजवळ एक एअरबस समुद्रांत पडली. तेथें बिघडलें तें वेगदर्शक नव्हे, तर त्याचें भावंड, वारा पंखांना कोणत्या कोनानें लागतो तें सांगणारें यंत्र. अशीं तीन यंत्रें होतीं. विमान धुतांना आंत शिरलेलें पाणी उंचावर गोठलें आणि त्यांपैकीं दोन एकाच जागीं अडकून बसलीं. विमानाच्या गणकयंत्रानें मतें मोजलीं. दोघांचें जुळतें, तिसऱ्याचें जुळत नाहीं, म्हणून तिसरें बाद. तिसरें तेवढें खरें बोलत होतें. विमानांतले सातहि जण मेले. लोकशाहीचा आम्ही कैवार घेतों तो राज्यकारभारापुरता. सत्य ठरविण्याच्या कामीं ती उपयोगी पडते असें तिच्या कोणत्याहि आचार्यानें सांगितल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

असो. इतकें झाल्यावर प्रश्न उरतोच, कीं वैमानिकानें करावें काय? कोणता साक्षीदार खरा हें ठरविण्यास वेळ नाहीं, आणि न ठरवितां हातावर हात ठेवून बसणेंहि शक्य नाहीं; विमान कांहीं टांग्यासारखें रस्त्याच्या कडेला उभें करतां येत नाहीं. या धंद्यानें जें उत्तर शोधलें आहे तें आम्हांस फार विचार करण्यासारखें वाटतें. तें उत्तर म्हणतें, कोण खरा हा वादच तूर्त बाजूला ठेवा. स्वयंचालक यंत्रणा आधीं बंद करा, कारण खोट्या साक्षीवर चालणारा आज्ञाधारक सेवक हा शत्रूहून वाईट. मग ज्या दोन गोष्टी हवेला न विचारतां कळतात त्या हातीं घ्या: नाक क्षितिजाच्या किती वर आहे, आणि इंजिनें किती जोरानें चालत आहेत. नाकाचा कोन वाऱ्याच्या दाबावर नव्हे, तर गतीचे व वळणाचे बदल टिपणाऱ्या अगदीं वेगळ्या यंत्रांवर कळतो. हा कोन आणि हा जोर असला म्हणजे विमानाचा वेग धोक्याच्या दोन्ही टोंकांपासून दूर राहतो, हें पूर्वींच मोजून ठेवलेलें आहे. एअरबस विमान उडाल्याबरोबर असा संशय आला, तर इंजिनें पूर्ण जोरावर आणि नाक १५ अंश वर. चढाईचा नेहमींचा जोर ठेवल्यावर १०,००० फुटांच्या खालीं १० अंश, आणि त्यावर ५ अंश. अलीकडच्या बोइंग ७३७ मध्यें पंखांच्या झडपा उघड्या असतील तर १० अंश व इंजिनाच्या पंख्याची गति ८० टक्के. मिटलेल्या असतील तर ४ अंश व ७५ टक्के. हे आंकडे पाठ असावे लागतात; तक्ते उघडून पाहणें नंतरचें.

देकार्तनें १६३७ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधांत, सर्व ज्ञानाविषयीं संशय घेत असतां मध्यंतरीं जगावें कसें यासाठीं एक तात्पुरतें नीतिशास्त्र सांगितलें आहे. रानांत वाट चुकलेल्या प्रवाशानें इकडे तिकडे भटकूं नये, एक दिशा धरून सरळ चालावें. इष्ट स्थळीं नाहीं तरी रानाबाहेर तो निघेल. वैमानिकाचे हे अंश व टक्के पाहून आम्हांस त्या प्रवाशाची आठवण झाली. पण भेदहि मोठा आहे. देकार्तच्या प्रवाशाची दिशा कोणतीहि चालते. तिचा गुण एवढाच कीं ती बदलत नाहीं. वैमानिकाचा कोन हा कोणताहि नव्हे. तो शांत वेळीं, स्वच्छ प्रकाशांत, साक्षीदार खरे असतांना मिळविलेलें ज्ञान आहे. निर्णय स्थगित करा पण कृति स्थगित करूं नका, एवढाच हा उपदेश असता तर आम्ही त्याला शाब्दिक चमत्कृति म्हटलें असतें. त्याच्यामागें आधींची कमाई आहे म्हणून तो पोकळ नाहीं. जुन्या माणसांचे नेम-धर्म, दुःखांत किंवा भयांत असतां मोठे निर्णय न घेण्याचा त्यांचा बाणा, वेळच्या वेळीं जेवणें व निजणें यांविषयीं त्यांचा हट्ट, यांना तरुण पिढी जडत्व म्हणते, आणि पुष्कळदां तें जडत्व असतेंहि. पण घरावर संकट आलें, रोज नवी व परस्परविरुद्ध वार्ता येऊं लागली, म्हणजे त्याच ठराविक दिनचर्येनें घर उभें ठेवलेलें अनेकांनीं पाहिलें असेल.

तरी हें सोपें नाहीं, कारण योग्य कृतीला शाबासकी मिळेलच असा नियम नाहीं. १ जून २००९ रोजीं रिओहून पॅरिसला जाणारी एअरबस अटलांटिक महासागरांत पडली आणि २२८ माणसें गेलीं. तें उड्डाणानंतरचें नव्हे, उंच आकाशांतलें प्रकरण. नळ्यांत बर्फ धरला तो मिनिटाच्या आंतबाहेरच सुटला. पण तेवढ्या वेळांत नाक वर ओढलें गेलें व विमान स्टॉल झालें. पुढें वेग इतका घटला कीं ६० नॉटांखालचें माप अविश्वसनीय समजून यंत्रानें धोक्याचा इशाराच बंद केला; आणि वैमानिकानें नाक खालीं केलें, जें करणें अगदीं योग्य होतें, तेव्हां माप पुन्हा ग्राह्य ठरून इशारा वाजूं लागला! चुकलें कीं शांतता, सुधारलें कीं ओरड. अशा गुरूच्या हाताखालीं कोण शिकेल? त्या वैमानिकांना घरबसल्या मूर्ख ठरविणाऱ्यांनीं हा एवढा तपशील तरी डोळ्यांपुढें ठेवावा.

एका गोष्टीविषयीं आम्ही आतांपर्यंत मौन धरलें. प्वेर्तो प्लाताच्या विमानांत सहवैमानिकाचा वेगदर्शक खरा होता. आणि तेथें बसलेल्या तिसऱ्या वैमानिकानें नाकाचा कोन दाखविणाऱ्या यंत्राकडे लक्षहि वेधलें होतें. म्हणजे सत्य त्या खोलींत उपस्थित होतें. तें ज्यांच्याजवळ होतें त्यांनीं मुख्याच्या हातांतून विमान घेतलें नाहीं, एवढेंच. आपल्याकडे वडील माणसासमोर, वरिष्ठासमोर, आपला आंकडा वेगळा आहे असें सांगतांना आपण तो विनयानें इतका गुंडाळतों कीं ऐकणाऱ्याला तो दिसतच नाहीं. विनय हा सद्गुण खराच. पण ज्या ठिकाणीं दुसऱ्यांचा जीव आपल्या एका वाक्यावर टांगलेला आहे तेथें तो सद्गुण राहतो काय, याचें उत्तर देतांना आम्हीहि घुटमळतों. या घटनांनंतरच्या काळांत कनिष्ठानें स्पष्ट शब्दांत बोलावें, आणि वेळ पडल्यास ताबा घ्यावा, असें वैमानिकांना मुद्दाम शिकविण्यावर फार भर आला. शिकवावें लागतें यावरूनच तें मनुष्यस्वभावाला किती जड जातें हें दिसतें.

संशयाला स्वस्त वेळ असते आणि महाग वेळ असते. धावपट्टीवर ८० किंवा १०० नॉट वेग झाला म्हणजे एक वैमानिक तो आंकडा मोठ्यानें म्हणतो व दुसरा आपल्या यंत्रावर तो पडताळतो. दोघांचें जुळलें नाहीं तर थांबावयाचें. या वेळीं थांबण्याची किंमत म्हणजे थोडा उशीर, प्रवाशांची कुरकुर, आणि वरिष्ठांचा एखादा प्रश्न. पुढच्या पांचदहा सेकंदांत हीच किंमत कितीतरी पटींनीं चढते. एवढें स्वस्त असूनहि त्या वेळीं संशय विकत घेणारे थोडे, कारण थांबल्यानें जें टळलें तें कोणालाच दिसत नाहीं, आणि झालेला उशीर मात्र सर्वांना दिसतो.

१८ जुलै २०१८ च्या रात्रीं ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन येथून एक मलेशियन एअरबस क्वालालंपूरकडे निघाली. तेथील गांधीलमाश्या उभ्या विमानाच्या नळ्यांत अल्पावधींत मातीचें घर करतात, म्हणून तिन्ही नळ्यांवर टोपणें घातलेलीं होतीं, आणि विमान निघण्यापूर्वीं तीं काढावयाचीं राहिलीं. विमानाभोंवतीं फेरी घालणाऱ्यांना तीं दिसलीं नाहींत. धांवतांना वेग दिसत नाहीं हें वैमानिकांच्या ध्यानांत आलें, पण थांबण्याची वेळ निघून गेली आणि विमान उडालें. या खेपेस तिन्ही साक्षीदार सारखेच निकामी. वैमानिकांनीं त्यांपैकीं कोणाचीहि बाजू घेतली नाहीं. नाकाचा कोन व इंजिनांचा जोर धरून ते सुमारें ११,००० फुटांपर्यंत चढले, आणि पंखांना वारा लागण्याच्या कोनावरून वेगाचा अंदाज देणारी जी राखीव योजना त्या विमानांत होती तिच्या आधारें तासाभरानें ब्रिस्बेनलाच परत उतरले. प्रवासी सुखरूप होते. यंत्रज्ञांनीं खालून पाहिलें तेव्हां तिन्ही टोपणें अजून जागच्या जागींच होतीं.